कोरडवाहूचे मत कोणाच्या दावणीला?

(कोपरगाव येथे भरलेल्या जिल्हा बैठकीतील भाषण)



कोपरगाव म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर गोदावरीचे पाट, ऊस आणि दोन साखर कारखाने येतात. पण आज या मांडवात बसलेल्यांपैकी किती जणांच्या रानात ऊस उभा आहे असे विचारले, तर बोटावर मोजण्याइतके हात वर होतील. शेवगाव-पाथर्डीचा कापूसवाला, कर्जत-जामखेडचा ज्वारीवाला, नदीपलीकडून आलेली वैजापूर-गंगापूरची मंडळी, आणि याच तालुक्यातली पण पाटाचे पाणी कधी न पोचलेली गावे. पावसाच्या भरवशावर पेरायचे आणि बाजाराच्या मर्जीवर विकायचे, एवढीच आपणा सर्वांची ओळख.

तरीही बैठक कोपरगावात घेतली, त्याला कारण आहे. आज बोलायचे आहे ते मतांबद्दल. मते कशी सरकतात हे पाहायचे असेल तर कोपरगावासारखे रान दुसरे सापडायचे नाही.

आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा एक प्रश्न हटकून येतो. तुमचे भावाचे गणित पटते, पण मताच्या दिवशी शेतकरी धर्माच्या, देशाच्या, मराठी माणसाच्या नावाने मत मागणाऱ्यांकडे का जातो? विचारणारा बहुधा शिकलेला असतो, आणि त्याच्या बोलण्यात आपल्याच भावकीबद्दल राग असतो. शेतकऱ्याला अक्कल नाही, झेंडा दिसला की तो मागे धावतो, असे त्याला म्हणायचे असते. पूर्वी आम्हीही असेच म्हणायचो. आता म्हणत नाही. का म्हणत नाही, ते आज सांगायचे आहे.

कोपरगावचे कोडे

जुना कोपरगाव लोकसभा मतदारसंघ आठवा. १९९१ मध्ये काँग्रेसचे शंकरराव काळे निवडून गेले. १९९६ मध्ये भाजपचे भीमराव बडदे. १९९८ मध्ये पुन्हा काँग्रेस, प्रसाद तनपुरे. १९९९ मध्ये बाळासाहेब विखे पाटील आले ते शिवसेनेच्या धनुष्यबाणावर, आणि २००४ मध्ये तेच बाळासाहेब विखे पाटील आले काँग्रेसच्या पंजावर. तेरा वर्षांत पाच निवडणुका झाल्या आणि कोणताही पक्ष लागोपाठ दोनदा जिंकला नाही. मुंबई-पुण्याच्या पेपरात मात्र दर वेळी छापून येई की, 'नगर जिल्ह्यात हिंदुत्वाची लाट आली' किंवा 'हिंदुत्वाची लाट ओसरली'. गावात लाटबिट काही नव्हते. गावात होते विहिरीचे कोरडे तळ आणि सोसायटीची थकबाकी.

विधानसभेचे पाहा. २००४ आणि २००९ मध्ये कोपरगावातून शिवसेनेचे अशोकराव काळे निवडून आले. २०१४ मध्ये भाजपच्या स्नेहलता कोल्हे आल्या, आणि त्या वेळी समोर होते शिवसेनेचे आशुतोष काळे. म्हणजे दोन्ही घराणी दोन भगव्या पक्षांकडून एकमेकांसमोर उभी. २०१९ मध्ये आशुतोष काळे राष्ट्रवादीकडून अवघ्या ८२२ मतांनी आले, आणि २०२४ मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाच्या घरातल्या मताधिक्याने. आता यातून कोपरगावच्या माणसाचे विचार शोधायचे म्हटले तर डोके फुटेल. २००४ मध्ये तो कडवा मराठी, २०१४ मध्ये कडवा राष्ट्रवादी आणि २०१९ मध्ये एकदम पुरोगामी झाला काय? तसे काही झाले नाही. वाड्याने पक्ष बदलला, त्याच्याबरोबर कारखान्याच्या सभासदाचे मत गेले. ऊसवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या उसाची नोंद, तोड, उचल, पोराची नोकरी सगळे एका फाटकातून जाते. त्याचे मत त्या फाटकाला बांधलेले असते.

पण कोरडवाहूवाल्याचे मत कोणाच्या फाटकाला बांधलेले आहे? कापूस नेला तर खेडा खरेदीचा व्यापारी, ज्वारी नेली तर मोंढ्यातला आडत्या. ना सभासदत्व, ना तोडीची चिठ्ठी. त्याचे मत मोकळे आहे. मोकळ्या जनावरासारखे ते जिथे हिरवे दिसेल तिकडे जाते, आणि हिरवे नाही असे दिसले की निघून येते. गेली पस्तीस वर्षे या राज्यात सरकारे उलटली ती बहुतांशी या मोकळ्या मताने.

शिर्डी मतदारसंघाचे उदाहरण तर शाळेत शिकवावे असे आहे. २००९ मध्ये नवी रचना झाली आणि कोपरगाव शिर्डीत गेले. तेव्हा धनुष्यबाणावर भाऊसाहेब वाकचौरे निवडून आले, रामदास आठवल्यांना हरवून. २०१४ च्या तोंडावर वाकचौरे काँग्रेसमध्ये गेले. जिल्ह्यातले मोठे पुढारी त्यांच्या मागे, आणि समोर शिवसेनेचे सदाशिव लोखंडे, अगदी ऐनवेळी आलेले. लोखंडे सुमारे दोन लाखांनी आले. पेपरवाले म्हणाले, लोकांनी माणूस पाहिला नाही, चिन्ह पाहिले. २०१९ मध्ये पुन्हा लोखंडे. मग शिवसेना फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या पक्षाला दिला आणि लोखंडे त्या पक्षात होते. २०२४ मध्ये धनुष्यबाण लोखंडेंकडे आणि मशाल वाकचौऱ्यांकडे. चिन्ह पाहून मत देणारा मतदार असता तर लोखंडेच यायला हवे होते. निवडून आले वाकचौरे, पन्नास हजारांच्या वर मतांनी. म्हणजे माणूसही नाही आणि चिन्हही नाही. मग लोकांनी पाहिले काय?

एकाच पारावरचे दोन फलक

याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागेल. इथे बसलेल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल, १९८६-८७ चा काळ. कापसाचे आंदोलन जोरात होते. डिसेंबर १९८६ मध्ये सुरेगावला गोळीबार झाला आणि तिघे शेतकरी गेले. गावोगाव पारावर शेतकरी चळवळीचे फलक लागलेले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्याच पारावर दुसरा फलक आला, वाघाचा. १९८८ मध्ये औरंगाबाद महापालिकेच्या पहिल्याच निवडणुकीत शिवसेना सर्वांत मोठा पक्ष झाली आणि तिथून वैजापूर, गंगापूर करत शाखा गोदावरीच्या अलीकडे उतरल्या. १९९० च्या विधानसभेत सेनेचे ५२ आणि भाजपचे ४२ आमदार, १९९५ मध्ये ७३ आणि ६५. सत्ता आली.

वाघाचा फलक लावणारी पोरे कोण होती? आपलीच. बापाने बिल्ला लावला होता, पोराने भगवा रुमाल बांधला. आम्ही तेव्हा त्यांना भडकलेली पोरे म्हणालो. आमची चूक झाली, ती आज सांगितली पाहिजे. आम्ही त्या पोराला सांगत होतो की तुझ्या गरिबीचे कारण तुझा आळस नाही, कापसाला भाव मिळू दिला जात नाही हे आहे. खरे होते ते. पण हे कळल्यावर संध्याकाळी त्याने करायचे काय? वर्षातून एकदा रास्ता रोको, दोन दिवस जेल, मग पुन्हा तेच रान. आठ एकराचे चार भाऊ, दहावी नापास, नोकरी नाही, लग्न जमत नाही. सेनेने त्याला एक खोली दिली, एक फळा दिला, शाखाप्रमुख म्हणून नाव दिले. तहसील कचेरीत तो गेला की साहेब उठून उभा राहायचा. आपण त्याला विचार दिला आणि त्यांनी त्याला मान दिला. उपाशी माणसापुढे मानाचे ताट ठेवले तर तो जेवायला बसणारच.

दुसरी गोष्ट, त्या फलकावर शत्रू जवळचा होता. आमचा शत्रू दिल्लीत, कृषिमूल्य आयोगात, निर्यातबंदीच्या कागदात. तो डोळ्यांना दिसत नाही. त्यांचा शत्रू गावातच, मशिदीच्या गल्लीत, हातगाडीवर, जिनिंगच्या आवारात. दिसणाऱ्या शत्रूशी भांडणे सोपे असते.

आणि आमच्यातही मते सरकली, हे लपवण्यात काय अर्थ? शरद जोशींनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जातीयवादाविरुद्ध गावोगाव सभा घेतल्या. पुढे २००४ मध्ये भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्याने ते राज्यसभेवर गेले. त्यांची कारणे त्यांनी सांगितली होती, काहींना पटली, काहींना नाही. आम्ही तो वाद आज उकरून काढत नाही. एवढेच म्हणतो की, पुढारी सरकला तर ते धोरण, आणि शेतकरी सरकला तर तो मूर्ख, असे वजन करू नये.

दावणीचा बैल

आता १९९५ च्या सरकारने कोरडवाहूवाल्याला काय दिले ते पाहू. मत त्याचे होते, म्हणून हिशेबही त्याचा.

पहिले वचन होते, पाच जीवनावश्यक जिनसांचे भाव पाच वर्षे स्थिर ठेवण्याचे. शहरातल्या बाईने टाळ्या वाजवल्या. पण धान्य आणि डाळ कारखान्यात तयार होत नाही. मजुरी वाढेल, खत वाढेल, डिझेल वाढेल आणि पिकणारी जिन्नस पाच वर्षे जागच्या जागी उभी, असे वचन सरकार देते तेव्हा ते कोणाच्या खिशातून देते? दुसरे, एक रुपयात झुणका-भाकर. गरिबाच्या पोटात भाकर जाते याचे आम्हाला दुःख नाही. पण त्या केंद्रांच्या उद्घाटनांत मालदांडी पिकवणाऱ्याचे नाव कोणी घेतल्याचे आम्हाला आठवत नाही. भाकर मराठी अस्मितेची खूण झाली, ज्वारीवाला मात्र ज्वारीवालाच राहिला. पुढे ती केंद्रेही बंद पडली.

तिसरी गोष्ट जास्त खोल जाते. याच सरकारने १९९५ मध्ये गोहत्याबंदीच्या कायद्यात दुरुस्ती करून बैल आणि वळू यांनाही त्यात घातले. गायीला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. राष्ट्रपतींची सही मिळायला वीस वर्षे लागली, ती मार्च २०१५ मध्ये मिळाली. त्या वर्षी आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दुष्काळ होता हे सांगायला नको.

आम्ही २०१६ च्या उन्हाळ्यात घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेलो होतो. पाथर्डीकडचा एक शेतकरी जोडी घेऊन आलेला. एक बैल दात पडलेला, दुसरा लंगडणारा. पूर्वी अशा बैलाचे जे काही येत, त्यात थोडी भर घालून तो नवे खोंड घ्यायचा. कोरडवाहू शेतीत बैल हीच बँक होती. बाजारात म्हाताऱ्या बैलाला कोणी हात लावेना. घेणारे घाबरले होते, वाटेत गाडी अडवतात, मारतात. त्या शेतकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आयुष्यात त्याने मांस खाल्ले नव्हते. त्याने २०१४ मध्ये कोणाला मत दिले हे आम्ही विचारले नाही, त्याने आपणहून सांगितले, आणि सांगताना तो हसत होता. संध्याकाळी जोडी घेऊन तो पुन्हा चालत निघाला, चारा नसलेल्या घराकडे.

मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये बैलांच्या कत्तलीवरची बंदी कायम ठेवली. बैल पवित्र आहे की नाही हा वाद आम्ही करत नाही. पोळ्याला आपण त्याच्या पाया पडतो, कोणी शिकवायची गरज नाही. प्रश्न एवढाच, पावित्र्याचा खर्च कोणी सोसायचा? देशाच्या नावाने, धर्माच्या नावाने जे काही ठरते त्याचे बिल दर वेळी एकाच दारात का येते?

दुसऱ्या बाजूने बोलणाऱ्यांनी आता खुश होऊ नये. ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यातबंदी केली ती दिल्लीतल्या काँग्रेस आघाडीच्या सरकारने. २००४ मध्ये निवडणुकीआधी शेतीपंपाची वीज फुकट केली आणि निवडून आल्यावर दुसऱ्या वर्षी ती सवलत काढून घेतली, तीही काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने. ज्याच्या हातात दिल्ली असते त्याला शहरात महागाई नको असते. झेंड्याचा रंग कोणताही असो.

चार जून आणि नऊ जून

आता येऊ २०२४ कडे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात पूर्ण बंद. कापूस, जो २०२२ च्या सुरुवातीला दहा हजारांच्या वर गेला होता, तो सात हजारांच्या आसपास आला. सोयाबीन हमीभावाच्या खाली. एप्रिलमध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि नाशिक-नगरच्या लाल कांदेवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली. ४ मे ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. नऊ दिवसांनी, १३ मे ला, शिर्डी आणि नगरचे मतदान होते.

४ जूनला निकाल. राज्यात ४८ पैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७. शेजारच्या दिंडोरीत केंद्रीय मंत्री भारती पवार पडल्या आणि एक शाळामास्तर निवडून आले. नगरला सुजय विखे पडले, नीलेश लंके आले. शिर्डीचे सांगून झाले. सगळे कांद्याने झाले असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. मराठवाड्यात आरक्षणाचा प्रश्न होता, दलित वस्त्यांत संविधानाची काळजी होती, फोडाफोडीचा राग होता. पण जिथे भाव पडले तिथे मत सरकले, ही रेघ नकाशावर स्पष्ट दिसत होती.

पाच दिवसांनी, ९ जूनला, युरोपातले निकाल आले. तिकडे सत्तावीस देशांची मिळून एक संसद आहे, ७२० सभासदांची. प्रत्येक देश आपापले खासदार निवडून पाठवतो. गंमत अशी की, ही संसद नकोच, आमचा देश आमच्या हातात द्या, असे म्हणणारे राष्ट्रवादी पक्षच तिथे जास्त निवडून जाऊ लागले आहेत. फ्रान्समध्ये मरीन ल पेन यांच्या पक्षाला ३१ टक्क्यांच्या वर मते मिळाली, राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांच्या आघाडीला त्याच्या निम्मीही नाहीत. मॅक्रॉन यांनी त्याच रात्री फ्रान्सची संसद बरखास्त केली. जर्मनीत तसाच पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याच वर्षी हिवाळ्यात तिकडच्या शेतकऱ्यांनी बर्लिन, पॅरिस, ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर नेऊन उभे केले होते.

यातले हॉलंडचे उदाहरण आपण नीट ऐकावे. आपल्या जिल्ह्यासारखे अडीच जिल्हे जोडले तर तेवढा तो देश. गोठ्यांतल्या शेणामुतातून नायट्रोजन हवेत जातो, तो निम्म्यावर आणा, त्यासाठी जनावरे कमी करा, असे सरकारने ठरवले. शेतकरी २०१९ पासून रस्त्यावर आले. त्यांच्या बाजूने शेतकरी-नागरिक चळवळ नावाचा नवा पक्ष निघाला. मार्च २०२३ च्या प्रांतांच्या निवडणुकीत हा पक्ष बारापैकी बहुतेक प्रांतांत पहिला आला. आपल्याकडे असे झाले असते तर आपण हत्तीवरून साखर वाटली असती. आठ महिन्यांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, देशाच्या संसदेची निवडणूक झाली. शेतकऱ्यांच्या पक्षाला दीडशेपैकी ७ जागा. पहिला आला गीर्ट विल्डर्स यांचा पक्ष, ३७ जागा, ज्याचे मुख्य बोलणे बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध आणि मुसलमानांविरुद्ध. जून २०२४ मध्ये युरोपच्या संसदेत शेतकरी पक्षाचे दोन गेले, विल्डर्स यांचे सहा. मग दोघे मिळून सरकारात बसले. जून २०२५ मध्ये विल्डर्स बाहेर पडले, सरकार पडले, आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत शेतकरी पक्ष ४ वर आला. विल्डर्स यांचेही ३७ चे २६ झाले.

त्या पक्षाला मत देणारे सगळे शेतकरी नव्हते हे खरे. पण शेतकऱ्याच्या रागाने जी फळी मोडली, तिच्यातून आत शिरला दुसराच, आणि नंतर त्याच्याकडूनही लोक निघून गेले. पारावरच्या दोन फलकांची गोष्ट आठवली की नाही?

फरक एक आहे, तोही सांगतो. तिकडच्या शेतकऱ्याला सरकार पैसे देते, युरोपच्या अंदाजपत्रकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा शेतीवर जातो. तो भांडतो ते मिळणारे कमी होईल म्हणून. आपल्याकडे उलटे. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संस्थेने २०१८ मध्ये हिशेब काढला. त्यात २००० पासूनच्या सोळा-सतरा वर्षांत भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला. म्हणजे देणे राहिले बाजूला, काढून घेणेच जास्त.

सहा महिन्यांत उलटे

जूनमध्ये आमच्या काही मित्रांनी फटाके वाजवले. शेतकरी जागा झाला, आता यांना गावबंदी, असे लेख आले. आम्हीही थोडे हुरळलो होतो, खोटे कशाला बोला. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. भाजप १३२, शिंदे यांची सेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर ठाकरे २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. आपल्या जिल्ह्यात बारापैकी दहा महायुतीला. ज्या शिर्डीने जूनमध्ये मशाल पेटवली, तिच्या सहापैकी पाच जागा महायुतीकडे, आणि संगमनेरला १९८५ पासून एकदाही न हरलेले बाळासाहेब थोरात पडले.

फ्रान्समध्येही तसेच झाले. महिनाभरात, ७ जुलैला, तिथल्या संसदेची दुसरी फेरी झाली तेव्हा पहिला असलेला राष्ट्रवादी पक्ष जागांत तिसऱ्या क्रमांकावर गेला. तिकडे राष्ट्रवादी जागांत मागे पडले, इकडे मते परत आली. दिशा वेगळी, पण दोन्हीकडे मत बांधलेले नव्हते.

नोव्हेंबरमध्ये काय बदलले? लोकसभेलाही राज्यात दोन्ही आघाड्यांची मते जवळजवळ बरोबरीची होती, हे जागांच्या गणितात झाकले गेले होते. थोडे सरकले तरी पारडे उलटणार होते. ऑगस्टपासून बायकांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येऊ लागले. शेतीपंपाचे बिल शून्य आले. सप्टेंबरात कांद्याचे शुल्क निम्मे केले, किमान मूल्य काढले. आणि वरून 'बटेंगे तो कटेंगे', 'एक है तो सेफ है'. विद्वानांनी घोषणा मोजल्या. आम्ही पाथर्डी-शेवगावच्या बायकांशी बोललो, त्यांनी पैसे मोजले होते. पंधराशे रुपये हातात येणे म्हणजे काय, हे कापूस वेचणाऱ्या बाईला कोणी समजावून सांगू नये. आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या पुरुषाच्या हातून न जाता पैसा तिच्याकडे आला. त्या पैशाला लाच म्हणणारा तिच्या घरी एक दिवस राहून यावा. पण कापूस क्विंटलमागे पाचशे-सातशेने पडला की वीस क्विंटलवाल्याचे दहा-चौदा हजार जातात, हा हिशेब तिच्यासमोर मांडणारे त्या वेळी गावात कोणी नव्हते. आम्हीसुद्धा नव्हतो. घोषणेने ती जागा भरली.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. जाहीरनाम्यात कर्जमाफी होती, पुढच्या मार्चमध्ये सरकारातूनच सांगितले गेले की ३१ मार्चपर्यंत कर्ज भरा. आणि २०२५ चा ऑगस्ट आठवा. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून शेतकऱ्याच्या हितासाठी भिंतीसारखे उभे राहण्याची भाषा झाली, स्वदेशीची हाक आली. १८ ऑगस्टला अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ. आधी सप्टेंबरअखेर, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस फुटून घरात येणार, नेमके तेच महिने. अमेरिकेने कापडावर जकात वाढवली, गिरण्या अडचणीत आल्या, हे आम्हाला कळते. गिरण्याही देशाच्याच. पण देश अडचणीत आला की स्वदेशीतून पहिला वगळला जातो तो कापूसवाला, हे ज्या गावात भगवा पंचा घालून पोरे नाचली त्या गावात कोणी जाऊन सांगितले का?

आमचे म्हणणे त्या पोरांना नावे ठेवा असे नाही. बेटावरच्या शुक्राचार्यांच्या देवळात कच-देवयानीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कच आला, सेवा केली, विद्या शिकला आणि निघून गेला. शेतकऱ्याच्या दारात असे कच पुष्कळ आले, सर्व रंगांचे. देवयानीने शाप दिला, आपण पुढच्या निवडणुकीत पाडतो. पाडणे आपल्याला जमते. १९९५ ला जमले, १९९९ ला जमले, २०१४ ला, २०२४ च्या मे महिन्यात. पाडल्यावर दुसऱ्या दिवशी काय, हे जमत नाही, कारण तोवर मोकळे मत पुढच्या दावणीकडे निघालेले असते.

म्हणून जिल्हा समितीने एक साधे काम काढले आहे. प्रत्येक गावात एक वही ठेवायची. कोणाचा कापूस, कोणाची ज्वारी कोणत्या तारखेला किती भावाने गेली, त्या आठवड्यात दिल्लीतून किंवा मुंबईतून कोणता हुकूम निघाला होता, आणि म्हातारा बैल विकला गेला की नाही, एवढेच लिहायचे. वही शक्यतो एखाद्या मायबहिणीकडे असावी, पुरुषांच्या वह्या दोन महिन्यांत हरवतात असा आमचा अनुभव आहे. मत मागायला येणारा कोणत्याही रंगाचा असो, त्याला चहा द्यावा, बसवावे, आणि वहीतली मागच्या दोन हंगामांची पाने वाचून दाखवावीत. त्याने काय उत्तर दिले तेही त्याच पानावर लिहावे, तारीख घालून, त्याची सही घेऊन. सही देत नसेल तर 'सही दिली नाही' असे लिहावे. ज्या पोराने शाखेचा फळा लिहिला, त्याचे अक्षर चांगले असते. त्यालाच लिहायला बसवा.

वह्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत, गावाचे नाव लिहून घेऊन जा. वैजापूरकडच्या मंडळींची शेवटची गाडी साडेपाचला आहे, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.